निळी पडलेली चिऱ्याची भिंत

माझे बाबा आंधळे झाले ते हळूहळू, आणि त्यांनी ते सगळ्यांपासून लपवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी घाबरले ती एवढी कशाला घाबरली, असं कोणी म्हणायला नको. बाबा सिंधुदुर्गातले. डिचोलीला खाणीवर टिपर चालवायला आले आणि इथलेच झाले. उजेड कमी पडतो म्हणायचे. घरातला बल्ब बदलला, टिपरचे दिवे बदलून घेतले, मुकादमाशी भांडून आरसेसुद्धा बदलून घेतले. आणि एके दिवशी टिपर सरळ पुलाच्या कठड्यावर नेऊन घातला. भर दिवसा! नशीब, कोणाला लागलं नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोही फार पुढे गेलेला. एक डोळा तेव्हाच गेला होता, दुसरा नंतर गेला. दवाखान्यातून निघताना डॉक्टर मला म्हणाले, "हे रक्तातून येऊ शकतं. तुम्ही दरवर्षी डोळे तपासून घ्या." मी मान डोलावली आणि गेले नाही. भीती वाटायची. दुसरं काही कारण नाही.

आणि माझं तर पोटच डोळ्यांवर. मी घरांची चित्रं करायचे, कॉम्प्युटरवर. अजून पायासुद्धा खणलेला नाही अशा घरांची. पणजीच्या एक आर्किटेक्ट मॅडम मला नकाशे पाठवायच्या. मी त्यावरून घर उभं करायचं, भिंतीला इथला तांबडा चिरा लावायचा, जनेलाला काच लावायची, कुठून ऊन पडतं ते ठरवायचं, आणि मग मशीन तासन्‌तास बसून त्याचं चित्र बनवायचं. याला रेंडर म्हणतात. मोरजीला तेव्हा बंगल्यांचं पेव फुटलं होतं. मोप्याला विमानतळ येणार, एवढ्या बोलण्यावर पेडण्याच्या अर्ध्या डोंगराचे नकाशे माझ्याकडे येऊन पडले होते. गिऱ्हाईक दिल्ली-मुंबईचं. ते जागा बघायच्या आधी माझं चित्र बघायचं आणि चित्र आवडलं तरच पुढचं बोलणं. त्यामुळे मी जरा भाव खाऊनच असायचे.

घर आमचं टिपरांच्या रस्त्याला लागून. खाणी तेव्हा जोरात चालू होत्या. सकाळपासून टिपरांची रांग, आणि सगळं तांबडं. झाडं तांबडी, कौलं तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे. आमच्याकडच्या बायका हातात फडका घेऊनच जन्माला येतात असं माझा नवरा म्हणायचा. तो खाणीच्याच वजनकाट्यावर कामाला, म्हणजे धूळ करणारेही आम्हीच आणि पुसणारेही आम्हीच. बाबा आमच्याकडेच राहायचे. सोप्यावर बसून टिपरच्या आवाजावरून गिअर कुठला पडला ते सांगायचे.

एका सकाळी मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमी गोड असायचा, त्या दिवशी नव्हता.

"अहो, ही चिऱ्याची भिंत निळी का दिसते?"

"निळी? नाही हो मॅडम. छान तांबूस आहे. संध्याकाळचं ऊन दिलंय मी."

"ऊन कसलं, माणूस गारठून मेल्यासारखं दिसतंय घर. गिऱ्हाईक विचारतंय, ही दगडाची भिंत की पत्र्याची?"

मी स्क्रीनकडे बघितलं. भिंत तांबूस. ऊन सोनेरी. मी म्हटलं, तुमच्या प्रिंटरची शाई संपली असेल. त्या म्हणाल्या, "इकडे या आणि बघा."

मी बस पकडून पणजीला गेले. त्यांनी त्यांच्या स्क्रीनवर चित्र उघडलं. भिंत खरंच निळसर होती. पांढरा चुना दुधात नीळ टाकल्यासारखा, आणि आकाश तर नुसतं विषारी. मलाही ते स्पष्ट दिसत होतं. हे मी केलं? मी? मॅडमना म्हटलं, चूक झाली, नीट करून देते. बसमध्ये खिडकीजवळ बसून सगळ्या वाटेत दुकानांच्या पाट्यांचे रंग मनातल्या मनात म्हणत आले. सगळे बरोबर दिसत होते. घरी आले, कॉम्प्युटर लावला, तेच चित्र उघडलं. भिंत तांबूस. ऊन सोनेरी.

आता शहाणा माणूस म्हणेल, स्क्रीन-स्क्रीनमध्ये फरक असतो. हे मला कळत नव्हतं असं थोडंच? पण घाबरलेल्या माणसाचं डोकं सरळ चालतच नाही. मी हिशेब असा मांडला: पणजीला मी सकाळी गेले, डोळे ताजे होते, म्हणून खरे रंग दिसले. घरी तास न्‌ तास बसून डोळे थकतात, तेव्हा रंग जातात. म्हणजे सुरुवात झाली. बाबांचंही असंच होतं की. सकाळी बरं असायचं, दिवस चढला की उजेड कमी पडायचा. पाचावर धारण बसली माझी.

नवऱ्याला बोलावून विचारलं, "ही भिंत कुठल्या रंगाची दिसते तुला?"

त्यानं चहाचा कप हातात धरून बघितलं. "भिंतीच्या रंगाची."

"म्हणजे कुठला?"

"माका कितें कळटा गो तातूंत? घर घराभाशेन दिसता." मला त्यातलं काय कळतंय, घर घरासारखं दिसतं, असं म्हणून तो आंघोळीला गेला. लग्नाच्या वेळी माझी साडी कुठल्या रंगाची होती तेही याला सांगता येत नाही, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

मग मी गुपचूप स्वतःच्या परीक्षा घ्यायला लागले. हिरवी मिरची आणि कोथिंबीर शेजारी ठेवून बघ. एक डोळा झाकून कॅलेंडरवरची तांबडी तारीख बघ, मग दुसरा झाकून बघ. मिरच्या हिरव्या, तारीख तांबडी, पण मनाचं समाधान होईना. चित्रं मी अंदाजानं तांबडी करून पाठवू लागले. माझ्या स्क्रीनवर ती जळल्यासारखी दिसायची, आणि मॅडम म्हणायच्या, "आता जरा बरं आहे." स्वतःच्या डोळ्यांना जे चुकीचं दिसतं तेच बरोबर, असं धरून काम करायचं! आंधळ्यानं काठी टेकत चालावं तसं मी रंग भरत होते. आणि कोणाला सांगत नव्हते.

एके दिवशी बाजारातून नवीन ट्यूबलाइट घेऊन आले. कामाच्या खोलीत उजेड कमी पडतो म्हणून. स्टुलावर उभी राहून ट्यूब बसवत होते, तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला.

"काय करतंस गे?"

"ट्यूब बदलतेय. उजेड कमी पडतो."

ते सोप्याकडे परत वळले. मी मात्र स्टुलावर तशीच उभी राहिले, कारण मी काय बोलले ते माझ्याच कानांनी ऐकलं होतं. मग भिंत धरून उतरले.

शेवटी मॅडमनीच तोड काढली. त्यांच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे स्क्रीन तपासायचं यंत्र होतं. उंदराएवढं, वायर लावलेलं. ते स्क्रीनवर लोंबकळत ठेवायचं, मग स्क्रीन एकामागून एक रंग दाखवते आणि ते यंत्र आपल्या काचेच्या डोळ्यानं ते मोजतं. तांबडा म्हणून जो दाखवला तो खरोखर किती तांबडा, पांढरा खरोखर पांढरा की पिवळट, सगळं. आणि जिथे चूक असेल तिथे कॉम्प्युटरला दुरुस्ती लिहून देतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मॅडमनी ते मला दिलं आणि म्हणाल्या, "सोक्षमोक्ष लागेल."

मला त्या शब्दानंच घाम फुटला. कारण यंत्र म्हणालं की स्क्रीन बरोबर आहे, तर मग चूक उरली कुठे? यंत्राचं पाकीट आणून मी कपाटात साड्यांखाली ठेवलं. रोज बघायचे आणि कपाट बंद करायचे. मॅडमनी फोनवर झापलं तेव्हा कुठे बाहेर काढलं.

दुपार होती. यंत्र स्क्रीनवर लोंबत होतं, त्याच्याखाली रंग बदलत होते, आणि मी पदराचं टोक दातात धरून बसले होते. देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून काही फेडायचं राहिलंय. शेवटी स्क्रीनवर एक बटण आलं: आधी आणि नंतर. दाबलं. चित्रावरून कोणीतरी मळकट पडदा ओढून काढावा तसं झालं. परत दाबलं, मळकट तांबूस. परत दाबलं, स्वच्छ. आणि माझं जुनं चित्र उघडलं तर भिंत निळी, पणजीला दिसली होती तश्शीच निळी!

स्क्रीन! स्क्रीनच होती मेली! मी खोलीतून ओरडत बाहेर आले. बाबांना सांगितलं, नवऱ्याला काट्यावर फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरें जालें. जेवण काय केलंस?" जिवात जीव आला म्हणतात तो काय असतो ते त्या दुपारी कळलं.

बाबा म्हणाले, "डोळे दाखवलंस काय पण?"

"कशाला? स्क्रीन होती ना."

"बरां," ते म्हणाले.

पुढचे काही आठवडे मजेत गेले. मॅडमचा आवाज पुन्हा गोड झाला. मग चवथ आली. चवथीला आमच्याकडे घर नुसतं झाडत नाहीत, अक्षरशः धुऊन काढतात. गणपती यायचा म्हटल्यावर माळ्यावरच्या डब्याच्या तळालासुद्धा माती चालत नाही. त्या गडबडीत मी चार दिवस कॉम्प्युटरकडे फिरकले नाही. गणपती पोचवून आल्यावर कामाला बसले. स्क्रीन जरा थंड वाटली, पण म्हटलं सुट्टीनंतर असं होतं. चित्र केलं, भिंतीला ऊन दिलं, पाठवलं.

"अहो," मॅडम म्हणाल्या, "आता हे घर पेटलंय का?"

मी फोन ठेवून दिला. स्क्रीन यंत्रानं तपासली होती. यंत्राला ना थकवा, ना भीती, ना आंधळा बाप. त्यानं स्क्रीन बरोबर करून दिली होती, आणि तरी माझे रंग चुकत होते. म्हणजे आता पळायला जागाच नव्हती. बरं, चूकसुद्धा उलटी! आधी निळं, आता तांबडं. म्हणजे डोळे नुसते जात नव्हते, वेडेवाकडे होत होते. भात लावायला गेले आणि गॅसपाशी उभी राहून रडले. नवरा घाबरला. माझं रडणं त्यानं सासऱ्याच्या टिपरच्या अपघातानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल.

त्यानं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. परीक्षा, मिरच्या, ट्यूब, सगळं. तो एरवी कुठलाही निर्णय तीन चहा घेतल्याशिवाय घेत नाही, पण दुसऱ्याच दिवशी त्यानं सुट्टी टाकली आणि मला स्कूटरवर बसवून म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मागे बसून मी डोळे मिटून घेतले होते. झाडं दिसली तरी भीती वाटत होती, आणि न दिसण्याची तर वाटतच होती.

डॉक्टर माझ्याच वयाची बाई होती. तिनं आधी रंगांची पुस्तिका दाखवली, ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे. मी धडाधडा वाचले. मग तिनं रंगीत चकत्या दिल्या आणि म्हणाली, एका रंगातून दुसऱ्यात सरकत जाईल अशा ओळीनं लावा. लावल्या. तिनं बघितलं आणि हसली. "एवढे बारीक फरक मलासुद्धा दिसत नाहीत. तुमचे रंग उत्तम आहेत."

"उत्तम?"

"उत्तम. आता थेंब घालते, बाहेर बसा. आतून बघायचंय, आणि तुमच्या वडलांचं सांगितलंत म्हणून आणखी दोन तपासण्या करू."

बाहेर बाकावर नवऱ्याशेजारी बसले. थेंबांनी सगळं धूसर झालं होतं, पण मी खूश होते. म्हटलं, "रंग उत्तम आहेत. मग ती स्क्रीन परत कशी बिघडली रे?"

"बिघडली कशी?" तो म्हणाला. "उलट मी पुसून लख्ख केली की."

"काय केलीस?"

"चवथीच्या आदल्या दिवशी. ओला फडका मारला. अगो, फडका तांबडा झाला, वहाणा पुसल्यासारखा. तू ती कधी पुसतच नव्हतीस काय?"

नव्हते पुसत. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, स्क्रीनला कापड लावू नका, ओरखडे पडतील. म्हणून घरातला कणन्‌कण पुसणारी मी, तिथे कोणाला बोटसुद्धा लावू देत नव्हते. टिपरची धूळ वर्षभर त्या काचेवर बसत राहिली, रोज थोडी थोडी, माझ्या डोळ्यांसमोर, आणि म्हणूनच दिसली नाही. तांबड्या काचेतून बघून मी चित्रं निळी करत होते. यंत्र लावलं तेही त्याच धुळीवर. त्या बिचाऱ्यानं धुळीसकट स्क्रीन मोजली आणि धुळीसकट दुरुस्त केली. मग या गृहस्थानं धूळ पुसली, आणि दुरुस्ती तेवढी मागे राहिली. मुंबईत, पुण्यात असली चूक कोणाला करून दाखवता येणार नाही, त्याला खाणीचा रस्ताच लागतो!

मी त्याच्या दंडावर चापट मारली. मग हसायला लागले. दवाखान्यात माणसं बघत होती आणि मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. तोही हसत होता. म्हणाला, परतताना बाजारात गरम उंडे पाव घेऊ. तेवढ्यात नर्सनं मला पुन्हा आत बोलावलं.

आत एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. एक डोळा झाकलेला. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला कुठेही बारीकसा उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं होतं. मी मन लावून दाबत होते. मध्येच बराच वेळ काही चमकलंच नाही. मला वाटलं, यंत्र अडकलं असेल.

डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. आता त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, डोळ्यांतला दाब वाढलेला आहे, आणि मागच्या नसेवर त्याची खूण दिसते. मग स्क्रीनवर एक गोल चित्र आलं, माझ्या डाव्या डोळ्याला जेवढं जग दिसतं त्याचं. बाकी सगळं फिकट होतं. वर नाकाच्या बाजूला एक काळपट डाग होता.

"इथे आम्ही उजेड दाखवत होतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बटण दाबलं नाहीत."

"पण मला तर सगळं दिसतं."

"तसंच वाटतं. दुसरा डोळा भरून काढतो. रंगांवरून तर या टप्प्यावर काहीच कळत नाही. तुम्ही दुसऱ्याच कशाला तरी घाबरून आलात, पण वेळेवर आलात."

मी त्या डागाकडे बघत राहिले. आयुष्यभर कॉम्प्युटरवर अंधार आणि उजेड काढला, एवढा वाईट काळा रंग मी कधी पाहिला नव्हता. तोंडातून निघून गेलं, "डॉक्टर, तुमची ही स्क्रीन कधी पुसलीय का?"

त्यांनी ड्रॉवरमधून मऊ कापड काढलं आणि माझ्यासमोर स्क्रीन पुसली. नीट, कडेपर्यंत. डाग होता तिथेच होता.

रोज थेंब घालायचे, आयुष्यभर, एक दिवस न चुकवता. गेलेलं परत येत नाही, पण असलेलं राहू शकतं, असं त्यांनी सांगितलं. बाजारात नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं उंड्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि स्कूटर इतकी सावकाश चालवली की सायकलवालेसुद्धा पुढे गेले. घराजवळ आल्यावर मी त्याला म्हटलं, बाबांना बोलायचं नाही. त्यांना वाटेल आपणच दिलं.

बाबा सोप्यावर वाट बघत होते. "काय म्हणालो डाक्टर?"

"काही नाही हो. डोळे उत्तम आहेत. स्क्रीनवर धूळ होती." आणि फडक्याची सगळी गंमत त्यांना रंगवून सांगितली. ते खूप हसले. आलेल्या शेजाऱ्यालाही त्यांनी ती सांगितली, थोडी वाढवून.

थेंब मी सकाळी घालायचे, स्वयंपाकघरात, पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजून गेल्यावर. दार लोटून, चुलीकडे तोंड करून. आठवडाभर कोणाला पत्ता नव्हता. मग एका सकाळी मान वर करून, श्वास रोखून मी बाटली दाबली, झाकण फिरवून लावलं, आणि दारातून बाबांचा आवाज आला. ते भिंत चाचपत कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"डावो की उजवो?" त्यांनी विचारलं.

मला खोटं सुचलंच नाही. "डावा," मी म्हटलं.

ते पुढे आले. हात लांब करून त्यांनी माझा चेहरा शोधला, नाकावरून बोट सरकवत डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात आणलं आणि हलकेच दाबून धरलं.

"असां धरून रव," ते म्हणाले. "नायतर थेंब घशात उतरता. माका सांगितल्लां डाक्टरांनी. मी धरलंय नाय कधी."